झिरो गेला की ग्रुप गेला?

त्या सकाळी एअर रायफलचा पहिलाच छर्रा नेमाच्या चार सेंटीमीटर खाली लागला आणि तीन आठवडे जे करत होतो तेच मी पुन्हा केलं. स्कोपच्या, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीच्या, वरच्या नॉबचं टोपण काढलं आणि नॉब फिरवला. माझ्या स्कोपच्या नॉबचा एक क्लिक म्हणजे पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), २० मीटरवर साधारण दीड मिलिमीटर. सत्तावीस क्लिक मोजले. पुढचे दोन छर्रे मधोमध बसले, जीव भांड्यात पडला. तिसरा पुन्हा खाली. चौथा थेट वर.

रायफल साधीच, ४.५ मिमीची, नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून, भरायची स्प्रिंगवाली. वर एअर रायफलसाठीच बनवलेला स्कोप. वर्षभर छान चालली आणि मग एकदम बिघडली, असं मी सगळ्यांना सांगत होतो. रेंजवर ज्यांच्याकडून आम्ही शिकलो त्या सरांनाही तेच सांगितलं. त्यांनी टार्गेटकडे पाहिलंसुद्धा नाही.

"झिरो गेलाय की ग्रुप गेलाय?"

"म्हणजे सर?"

"दहा छर्रे एकाच ठिकाणी लागतायत पण चुकीच्या ठिकाणी, तर झिरो गेला. नॉब फिरव, संपलं. दहा छर्रे दहा ठिकाणी जातायत तर ग्रुप गेला, मग नॉब फिरवून काय होणार? तू कशाच्या मागे नेम हलवतोयस?"

खरं सांगायचं तर मी शेवटच्या छऱ्याच्या मागे नेम हलवत होतो. खाली गेला की वर, वर गेला की खाली. एकाच गोळीवरून स्कोप लावणं म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा, पण इथे प्रत्येक शीत वेगळं शिजलेलं.

घरी जाऊन जुनी टार्गेटं जमिनीवर ओळीने मांडली. प्रत्येकावर तारीख टाकायची सवय होती, ती पहिल्यांदा कामाला आली. छर्रे बशीभर पसरलेले, आडवेही आणि उभेही. मग ठरवलं की नॉबला हात लावायचा नाही, दोन्ही टोपणांवर चिकटपट्टी लावायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक बदलानंतर दहा छर्रे.

आधी छऱ्यांवर संशय घेतला, कारण नवा डबा उघडला होता. जुन्या डब्यातले उरलेले मारून पाहिले, तसेच पसरले. मग स्टॉकचे, म्हणजे लाकडी दस्त्याचे, स्क्रू. पुढच्या बाजूचा डावा स्क्रू ॲलन कीने जवळजवळ एक पूर्ण फेरा फिरला. उजवा अर्धा. ट्रिगर गार्डजवळचा तेवढा घट्ट होता. स्प्रिंगच्या रायफलीत हे होतंच. आतला पिस्टन सुटला की रायफल मागे येते, आणि पिस्टन दाबलेल्या हवेवर जाऊन थांबला की तीच रायफल पुढे झेपावते. प्रत्येक छऱ्याला दोन धक्के, तेही उलट दिशांनी. स्क्रू बिचारे किती दिवस धरून बसणार! तेल पुसून, स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकरचा एकेक थेंब लावून ते बसवले, लाकूड चिरडणार नाही इतपतच.

पुढच्या दहा छऱ्यांत आडवा पसारा गेला. इतका सरळ फरक मला अपेक्षित नव्हता. पण उभी गडबड तशीच. उलट आता चित्र स्वच्छ दिसू लागलं: छर्रे दोन पुंजक्यांत, एक खाली, एक वर, मध्ये चार सेंटीमीटर मोकळा कागद.

मग माउंट, म्हणजे स्कोपला रिंगांनी रायफलीवर धरून ठेवणारा भाग. दोन धक्क्यांमुळे माउंट खाचेवरून मागे सरकतो, हे ऐकून होतो. रायफलीच्या खाचेवर, माउंटच्या मागच्या कडेला लागून पेन्सिलची बारीक रेघ मारली. रिंग आणि स्कोपची नळी जिथे भेटतात तिथे बायकोच्या नेलपॉलिशचा एक आडवा ठिपका, अर्धा रिंगवर, अर्धा नळीवर. वीस छर्रे मारले. रेघ जिथल्या तिथे, ठिपका अखंड. माउंट निर्दोष सुटला.

पुढच्या भिंगाजवळची अंतर लावायची रिंग ५० वर राहिली होती ती २० वर आणली. डोकं किंचित हलवलं की क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, टार्गेटवर सरकायचं, ते थांबलं. पुंजके दोनच राहिले.

जी परीक्षा पहिल्या दिवशी करायची ती मी आत्ता केली. स्कोप पूर्ण उतरवला आणि रायफलीच्या मूळ ओपन साइटने, म्हणजे बिनभिंगाच्या नेमाने, दहा छर्रे मारले. एकच पुंजका, दोन सेंटीमीटरच्या आसपास. माझ्या डोळ्यांना ओपन साइटवर एवढं जमतं हेही मला नवीनच. रायफल, नळीचा सांधा, छर्रे, माझी पकड, सगळे एका झटक्यात संशयातून बाहेर. हे वीस मिनिटांचं काम आधी केलं असतं तर छऱ्यांचे डबे वाचले असते.

उरला स्कोप. टेबलावर घेऊन बसलो आणि वरचा नॉब हलकेच वरच्या दिशेला फिरवला. आठ क्लिक झाले आणि नॉब थांबला. पुढे जाईचना. आता उलटा, मोजत मोजत, अगदी खालपर्यंत. दोनशे चाळीस.

म्हणजे मी चढाच्या अगदी टोकावर जाऊन बसलो होतो. स्कोपच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. वरचा नॉब तिला वरून दाबतो आणि खालून एक स्प्रिंग तिला नॉबच्या टोकाला चिकटवून ठेवते. छर्रा वर न्यायचा तर नॉब सुटत सुटत वर येतो आणि स्प्रिंग सैल होत जाते. टोकाला पोचलं की तिच्यात दमच उरत नाही. मग दोन धक्के बसले की आतली नळी कधी टेकते, कधी टेकत नाही. दोन पुंजके तिथून आले होते. क्लिक वाजत होते, पण त्यांचं ऐकणारं आत कोणी नव्हतं.

आणि तिथे मला नेलं होतं माझ्याच हातांनी. मोडून भरायच्या रायफलीची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते. माझीही होती. स्कोप बसवला त्या दिवशी छर्रा वीतभर खाली लागला, मी भराभर क्लिक चढवून तो मध्यावर आणला आणि खूश झालो. वर्षभर ती स्प्रिंग कशीबशी तग धरून होती.

आधी स्कोप मध्यावर आणला. एका टोकापासून १२० क्लिक. खात्रीसाठी पुढचं तोंड आरशाला सपाट टेकवलं, मॅग्निफिकेशन सगळ्यात कमी केलं आणि आत पाहिलं. काळा क्रॉस दिसला आणि त्याच्या जरासा डावीकडे त्याचंच फिकट प्रतिबिंब. बाजूचा नॉब हळूहळू फिरवत दोघांना एकमेकांवर आणलं. सावली क्रॉसखाली जाऊन नाहीशी होते तो क्षण बघण्यासारखा असतो, मी उगाचच तो तीनदा बघितला.

आता छर्रा वर नेण्याचं काम नॉबऐवजी माउंटने करायचं. मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्या भागात जुन्या फोटोंच्या निगेटिव्हच्या पट्ट्या घातल्या, चार थर, मिळून अर्धा मिलिमीटर. दोन रिंगांत अंतर १० सेंटीमीटर, म्हणजे २० मीटरवर छर्रा १० सेंटीमीटर वर. याहून जाड थर घालू नये, स्कोपची नळी वाकते. त्यापेक्षा मागून उंच असलेला माउंटच घ्यावा. रिंगांचे स्क्रू फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळले, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून.

पहिले पाच छर्रे सहा सेंटीमीटर खाली, पण एकत्र. त्रेचाळीस क्लिक चढवले, पुंजका मध्यावर आला. मग नॉबचं आत ऐकलं जातंय का हे बघायला वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर तीन छर्रे. शेवटचे तीन पहिल्या भोकांत परत आले.

सरांना टार्गेट दाखवलं. या वेळी त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"वर किती क्लिक उरलेत?"

"सत्त्याहत्तर."

"बरं. आता ते टोपण लाव."