आरएक्सचा धूर: टूटी ऑइल निर्दोष सुटलं

मंडळी, छडा लागला! माझ्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाइकचा तो पांढरा धूर टूटी ऑइलचा, म्हणजे पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-स्ट्रोक ऑइलचा, नव्हताच. गाडी गेअरबॉक्समधलं ऑइल पीत होती.

मागच्या नोंदीत ऑइलच्या ग्रेडवर बरीच चर्चा झाली, म्हणून ते आधी मिटवतो. जासो या जपानी मानक संस्थेच्या धुराच्या चाचणीत एफबी ग्रेडला किमान ४५ गुण लागतात, एफसीला ८५ आणि एफडीलाही ८५. गुण जास्त म्हणजे धूर कमी. एफसी आणि एफडीत फरक आहे तो पिस्टन आणि रिंगांच्या खाचा स्वच्छ ठेवण्याचा. त्यामुळे एफसीवरची गाडी एफडीवर नेऊन धूर कमी होईल, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. मी एफडीवर गेलो ते पिस्टन आणि रिंगा स्वच्छ राहाव्यात म्हणून, आणि त्या बाबतीत खूश आहे. माझं एफडी ऑइल, मोटुल ७१०, महाग पडतं, पण प्लग काढला की पैसे कुठे गेले ते दिसतं.

धूर मात्र होता तिथेच. आणि त्याची एक खोड होती. सपाटीला, कोल्हापुरात फिरताना फारसा नाही. पन्हाळ्याहून थ्रॉटल बंद ठेवून उतरायचं आणि वाघबिळाला पिकअप द्यायचा, की मागचा डंपरवाला शिव्या घालणार. मिस्त्री म्हणाला, "दादा, ऑइल हलकं हाय, ब्रँड बदला." मी नाही बदललं. ऑइल हलकं असतं तर चढतानाही धूर दिसायला हवा होता.

पहिला संशय ऑटोल्यूबवर, म्हणजे टूटी ऑइल आपोआप इंजिनात सोडणाऱ्या पंपावर. केबलचा ढिलेपणा काढला, पुलीची खूण जुळवली, फीलर गेज घालून किमान स्ट्रोक तपासला, सगळं जागेवर. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असता तर रात्रभर उभ्या गाडीत ऑइल झिरपून सकाळच्या किकला ढग उठला असता. तसंही नव्हतं. मग पंपाची लाइन बंद करून टाकीतच लिटरला २५ मिली मोजून मिसळलं. आता इंजिनात किती टूटी जातंय ते मला पक्कं माहीत होतं. तरी घाट उतरल्यावर तोच ढग.

म्हणजे ऑइल दुसरीकडून येतंय, आणि आरएक्सच्या पोटात दुसरं ऑइल एकच, गेअरबॉक्सचं.

गेअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट काढला. भरलं होतं साडेसहाशे मिली, मोजपात्रात आलं जेमतेम साडेचारशे. खाली जमिनीवर थेंब नाही, क्लच कव्हरचं पॅकिंग कोरडं. जे निघालं ते पाण्यासारखं पातळ, स्टीलच्या ताटलीत तिरकं केलं तर सरसर पळत होतं, आणि नाकाशी नेलं तर चक्क पेट्रोलचा वास. क्लच साइडचं क्रँक सील, म्हणजे क्रँककेस आणि गेअरबॉक्स वेगळे ठेवणारी रबरी कडी, गेलंय आणि दोन्ही दिशांनी गळतंय. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ तयार होते आणि गेअर ऑइल आत येतं; खाली येताना दाबाने पेट्रोलचं मिश्रण गेअरबॉक्समध्ये ढकललं जातं. उतारावर थ्रॉटल बंद, इंजिन मात्र वेगात फिरतंय, त्यामुळे ओढ सगळ्यात जास्त तिथेच. खोडीचं कोडं सुटलं.

वास आणि मोजमाप मला पुरत होतं, पण इंजिन खाली घ्यायचं तर पुरावा हवा. इंजिनात हवा भरून गळती बघणारा प्रेशर टेस्टर बाजारात मिळतो, किंमत ऐकून मी फोन ठेवला. घरात आईचं जुनं डायलवालं बीपी मशीन पडलं होतं. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, टू-स्ट्रोकची ही टेस्ट ६ च्या आसपासच करतात. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्यात नळी बसवली, कार्बोरेटरच्या जागी रबरी बूच, सायलेन्सरच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्रा, पंपाची नळी चिमटून बंद, पिस्टन अगदी खाली. फुगा दाबत काटा वर नेला. धड इंजिनात तो काही मिनिटं जवळपास हलत नाही. माझा बघता बघता शंभरवर आला. गेअर ऑइल भरायच्या भोकाला कान लावला तर आतून बारीक फुस्स! हा आवाज ऐकून इतका आनंद आजवर कुणाला झाला नसेल.

आता पुढचं. ठरलं होतं की ऑटोल्यूब कायमचं काढून टाकायचं, बरेच जण काढतात तसं. तो बेत रद्द. प्रीमिक्सवर (टाकीतच ऑइल मिसळून) लांब उतार म्हणजे थ्रॉटल बंद, पेट्रोल कमी, म्हणून ऑइलही कमी. पंप मात्र इंजिनच्या फेऱ्यांबरोबर किमान स्ट्रोक तरी देतोच. घाटात फिरणाऱ्याने पंप का काढावा? त्यात आता पेट्रोल पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल ओलावा ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली आणि टाकीत पाण्याचा थर वेगळा झाला, तर खालून जाणाऱ्या त्या थराबरोबर टूटी जाईलच असं नाही.

ई२० वरून लिहिता लिहिताच सुचलं: साधी नायट्राइल रबराची सील घालण्यापेक्षा इथेनॉलला जास्त टिकणाऱ्या व्हिटॉन रबराची घालावीत. क्लच साइडबरोबर क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं, मॅग्नेट साइडचंही बदलणार; ते गेलं तर धूर येत नाही, हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन चिकटतो, जे जास्त वाईट. पुण्याच्या एका दुकानदाराने 'ओरिजिनल' म्हणून पाठवलेल्या सीलच्या ओठामागची स्प्रिंग बोटाने निघाली, ती परत केली. मापं कॅलिपरने घेऊन बेअरिंग-सीलवाल्याकडूनच आणेन, पुडीवरच्या छापावर भरवसा नाही.

आणि केस उघडतोयच तर क्रँक कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात दाखवून घेतो, बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला) खेळ असेल तर आत्ताच कळेल.

गेअरबॉक्समध्ये काय भरणार, हे काहींनी विचारलं होतं. साधं मिनरल २०डब्ल्यू४०, डब्यावर जासो एमए (ऑइलात बुडणाऱ्या क्लचसाठीची ग्रेड) लिहिलेलं. क्लच याच ऑइलात बुडालेला असतो, कारच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरतो. इथे ज्वलनाची काजळी येत नाही, त्यामुळे फुल सिंथेटिकवर पैसे घालायचं कारण नाही. त्याच पैशात दुप्पट वेळा बदला. सील बसल्यावर पहिलं ऑइल तर ५०० किलोमीटरलाच काढणार, आणि निघेल तेवढं मोजणार. कुणाकडे आरएक्सच्या दोन्ही क्रँक सीलची व्हिटॉनमधली खात्रीची जोडी मिळत असेल तर दुकानाचं नाव सांगा, इंजिन शनिवारी उतरतंय.