तिठा, हेकाटी आणि गाऱ्हाणं: एकोणीस अमावास्यांची वही

मी अमावास्येला विचक्राफ्टचे, म्हणजे चेटकाचे, विधी करते आणि त्यांची वही ठेवते; परवाच्या अमावास्येला त्यात एकोणीस पूर्ण झाल्या. मागचं अपडेट इम्बोल्क सणाच्या सुमाराला दिलं होतं, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आणि त्यानंतर बरंच काही बदललंय, काही मोडलंय, एक कुत्रा आजारी पडता पडता राहिलाय, तर सगळं एकदाच लिहून टाकते. नवीन मंडळींसाठी: मी मूळची कुडाळ तालुक्यातली, आता इंग्लंडात लँकेशायरमध्ये, किचनच्या खिडकीतून पेंडल हिल दिसतो (ढग नसले तर, म्हणजे वर्षातून चारदा), कुठल्या कोव्हनमध्ये (असे विधी मिळून करणाऱ्यांच्या गटात) नाही, एकटीच करते.

आधी स्पेल्सचा, म्हणजे इच्छेसाठी केलेल्या तोडग्यांचा, हिशोब. वहीत २६ नोंदी आहेत, तारीख, तिथी, काय केलं, काय मागितलं, काय झालं. तमालपत्रावर इच्छा लिहून जाळणे हा सगळ्यात जास्त वेळा केलेला प्रकार, कारण तमालपत्र बिर्याणीच्या डब्यात असतंच, आणि बोटं भाजण्याव्यतिरिक्त त्यात धोका नाही. २६ पैकी ११ पुढे "झालं" लिहिलंय. पण परवा बसून नीट वाचलं तर त्या ११ मधल्या नऊ वेळा मी पान जाळल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या कामाला हात घातला होता, फोन केला होता, फॉर्म भरला होता, डॉक्टरकडे गेले होते. उरलेल्या दोनांत पाऊस थांबणे एक. लँकेशायरमध्ये पाऊस कधीतरी थांबणारच. त्यामुळे स्पेलने बाहेरचं जग हलतं की मी हलते, यावर माझं मत आता बऱ्यापैकी दुसऱ्या बाजूला झुकलंय, तरी पान जाळणं सोडलेलं नाही, कारण न जाळता मी हलत नाही हेही वहीतच दिसतंय.

दृष्ट काढायचा प्रयोग एकदाच केला. मीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या, आईने फोनवर सांगितलं तसं नवऱ्यावरून उतरवून तापल्या तव्यावर टाकलं. स्मोक अलार्म. शेजारची बाई ड्रेसिंग गाउनवर बाहेर आली. कोणाची दृष्ट लागली होती ते माहीत नाही, त्या रात्री मात्र सगळ्या गल्लीची लागली.

आता मुद्द्याचं, देवता.

सुरुवातीला मी विक्का या विचक्राफ्ट पंथाच्या चौकटीत होते, एक देवी, एक शिंगांचा देव, आठ सणांचं चक्र. मला ते कधी नीट बसलंच नाही. हे प्राचीन आहे वगैरे म्हणतात त्यात फार तथ्य नाही, तो पंथ पुढे आणणारा गार्डनर हा मलायातून रिटायर झालेला कस्टम्स अधिकारी, त्याचं विचक्राफ्टवरचं पुस्तक १९५४ चं, आणि माझी आजी १९३२ ची, म्हणजे धर्म आजीपेक्षा लहान. पंथ नवा असण्याबद्दल माझी तक्रार नाही हां, कधीतरी कोणीतरी सुरू करतंच. माझी अडचण वेगळी होती. सगळ्या जगाला मिळून एक देवी आणि एक देव, असा दोघांचा संसार माझ्या डोक्यात शिरेना, कारण मी ज्या गावात वाढले तिथे वाडीच्या वेशीवर एक राखणदार, पाणंदीच्या वळणावर दुसरा, आणि एकाचा नारळ दुसऱ्याला चालत नाही.

म्हणून मग हेकाटी. (नवरा तिला हेकट देवी म्हणतो, मी ऐकून घेते.) ग्रीक, तिठ्याची देवी, जिथे तीन वाटा मिळतात तिथली, सोबत कुत्रे. अथेन्समध्ये महिन्याच्या शेवटच्या रात्री, म्हणजे आपल्या हिशोबाने अमावास्येच्या आसपास, तिच्यासाठी तिठ्यावर जेवण ठेवायचे. ॲरिस्टोफनीस या ग्रीक नाटककाराच्या एका नाटकात तर जोकच आहे की श्रीमंत लोक तिला दर महिन्याला जेवण पाठवतात आणि ते ठेवायच्या आत गरीब पळवून नेतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटाच आला, कारण अमावास्येला तिठ्यावर ठेवलेला भात, हळदकुंकू लावलेलं लिंबू, हे मी शाळेत जाताना बघितलंय आणि आजी दंडाला धरून लांबून वळसा घालून न्यायची, "ओलांडू नको गो, कोणाचो उतारो आसा." ज्याला लहानपणी घाबरून वळसा घालायचे तेच आता मी दर महिन्याला स्वतःच्या हाताने ठेवते. हे पचायला वेळ लागला, अजून पूर्ण पचलंय असं नाही.

आमच्या घरामागे शेतांतून जाणारे तीन फूटपाथ एका लाकडी स्टाइलपाशी (कुंपण ओलांडायच्या पायऱ्यांपाशी) मिळतात. माझा तिठा तो. पहिले काही महिने मी पुस्तकी पद्धतीने ठेवायचे, उकडलेलं अंडं, लसूण, पाव. मार्चमध्ये एका शेजाऱ्याच्या कुत्र्याने ते सगळं लसणासकट खाल्लं. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतं हे मला माहीत असायला हवं होतं, कुत्रेवालीच देवी पुजतेय मी! कुत्रा बरा आहे. मी जाऊन कबूल केलं, म्हणजे "पक्ष्यांसाठी ठेवलं होतं" असं कबूल केलं, जे अर्धवटच झालं. त्यानंतर पावही बंद, कारण तिकडे साळिंदरासारखा छोटा हेजहॉग येतो आणि त्याला पाव-दूध बाधतं. आता चिमूटभर मीट-वालं मांजराचं खाणं आणि वाटीभर पाणी. रसिक लोक नाक मुरडतील, मुरडा.

पण खरा बदल बोलण्यात झाला. इंग्लिशमध्ये यमक जुळवलेली आवाहनं म्हणायचे, आणि दर वेळी शाळेच्या गॅदरिंगमध्ये उभं असल्यासारखं वाटायचं. एप्रिलच्या अमावास्येला वारा इतका होता की टॉर्च धरू की कागद धरू असं झालं, कागद उडाला, आणि तोंडातून आपसूक आजोबांचं गाऱ्हाणंच, गावात देवापुढे घालतात ते, बाहेर पडलं. "बा म्हाराजा, हयसरचो जो कोण राखणदार असशीत, मी लांबसून इलंय, तुजो मान तुका देतंय तो मानून घे, काय चूकभूल झाली असात तर पदरात घाल." शब्द जसेच्या तसे त्यांचे नाहीत, चाल त्यांची. आणि मग मी थांबले, कारण गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि तिथे म्हणायला कोणी नव्हतं. एक मेंढी खोकली.

मला वाटतं तिथेच माझी श्रद्धा कुठे उभी आहे ते मला कळलं, आणि ते हे की देव जागेचा असतो. सगळीकडे असणाऱ्या देवीवर माझा विश्वास बसत नाही, पण या स्टाइलपाशी काहीतरी आहे आणि त्याच्या हद्दीतून मी रोज जाते तर ओळख ठेवावी, यावर बसतो. गाऱ्हाण्यात भक्ती कमी आणि व्यवहार जास्त असतो, तू तुझं बघ, मी माझं बघते, नारळ वेळेवर मिळेल. हे मला झेपतं. आणि या हिशोबात हेकाटी पण इथे बाहेरचीच, माझ्यासारखी, तिचं नाव इथल्या शेतात कोणी घेत नव्हतं. तर मे महिन्यापासून क्रम बदललाय, आधी इथला जो कोण असेल त्याला मान, मग हेकाटीला. ती खरंच आहे का, असं विचारलंत तर मी म्हणेन की मी ती असल्यासारखी वागते, आणि त्या वागण्याची मला आता सवय झालीय.

"व्हय म्हाराजा"चा प्रश्न भावाने सोडवला. त्याने गावाहून व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवली, चार मित्र जमवून, मागे कोणीतरी हसतंय, स्कूटर जातेय. जूनपासून मोबाइल कुंपणाच्या खांबावर ठेवून ती वाजवते. वहीत तिला "विधी साहित्य" या रकान्यात टाकलंय.

घरी मात्र हे कोणाला नीट सांगितलेलं नाही, भाऊ सोडून. मराठीत यासाठी शब्दच धड नाही. चेटूक म्हटलं की चेटकीण, करणी, भानामती, आणि डाकीण ठरवून बाईला मारहाण केल्याच्या बातम्या. त्यामुळे माझे नियम कडक आहेत: दुसऱ्यावर काही करायचं नाही, आजारावर उपाय सांगायचा नाही, पैसे घ्यायचे नाहीत. इथला १७३५ चा कायदाही गंमतीशीर होता, त्याने चेटूक हा गुन्हाच राहिला नाही, उलट आपल्याला चेटूक येतं असं सोंग आणणं हा गुन्हा झाला, आणि तो १९५१ पर्यंत टिकला. आपल्याकडच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यामागचा विचार मला त्याच्या जवळचा वाटतो, आणि मी त्या कायद्याच्या बाजूची आहे, ही वही लिहीत असूनसुद्धा.

एक तारीख मला छळते. पेंडलच्या चेटकिणींच्या खटल्यात लँकेस्टरला दहा जणांना फाशी दिलं, आठ बायका, दोन पुरुष, आणि मुख्य साक्ष नऊएक वर्षांच्या जेनेट नावाच्या मुलीची, स्वतःच्या आईविरुद्ध. तो दिवस २० ऑगस्ट १६१२. पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या तो २० ऑगस्ट २०१३. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, मी लावतही नाही, पण गेल्या वर्षी त्या दिवशी वेदी मांडायला घेतली आणि हात चालेना. खिडकीत पणती लावली, पेंडलकडे तोंड करून, आणि वहीत त्या दिवसाची ओळ रिकामी सोडली. यंदाही तेच करणार.

त्याआधी १ ऑगस्टला लूनासा हा सुगीचा सण, नव्या धान्याचा पाव करायचा असतो, मी नाचणीची भाकरी करणार आहे, इथे इंडियन दुकानात पीठ मिळतं पण जुनं असतं, थापताना चिरा जातात. कोणाकडे युक्ती असेल तर सांगा. आणि हेजहॉगला नाचणी चालते का तेही.