नैनीताल : गाडी खाली ठेवून पाहायचे गाव

गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे चार दिवसांसाठी नैनीतालला जाऊन आलो. दिल्लीहून सकाळची शताब्दी धरली की दुपारच्या सुमारास काठगोदामला उतरता येते आणि पुढचा सुमारे ३५ किलोमीटरचा घाट टॅक्सीने किंवा बसने चढायचा असतो. आम्ही नेमके शनिवारी पोहोचलो, ही चूक आमचीच. गावाच्या अलीकडे गाड्यांची अशी रांग लागली होती की पाऊण तास वाट पाहून शेवटी आम्ही सामान खांद्यावर घेतले आणि उरलेला रस्ता चालत संपवला. गर्दीच्या दिवसांत बाहेरच्या गाड्या रूसी बायपास किंवा नारायणनगरच्या वाहनतळावर अडवून प्रवाशांना शटलने वर पाठवतात, त्यामुळे स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी ही शक्यता धरूनच निघावे आणि जमल्यास सोमवार ते गुरुवार हेच दिवस निवडावेत.

गावाची रचना एकदा लक्षात आली की गाडीची गरजच उरत नाही. तळ्याच्या दक्षिण टोकाला तल्लीताल, उत्तर टोकाला मल्लीताल आणि दोहोंना जोडणारा जेमतेम दीड किलोमीटरचा मॉल रोड, एवढाच मुख्य पसारा आहे. बसस्थानक तल्लीतालला, तर बाजार, नयनादेवीचे मंदिर आणि ‘फ्लॅट्स’ हे मोठे मैदान मल्लीतालला आहे. हे मैदान मात्र नुसते क्रिकेट पाहून सोडू नये. १८ सप्टेंबर १८८० रोजी, सतत कोसळणाऱ्या पावसानंतर, शेर-का-डांडा डोंगराची कड सुटली आणि तिच्याखाली १५१ माणसे गेली. जुने मंदिरही त्याच दरडीत नाहीसे झाले. मैदानाचा बराचसा विस्तार त्या ढिगाऱ्यावर झालेला आहे. त्यानंतर इंग्रजांनी डोंगरउतारावर नाल्यांचे जाळे बांधले आणि आजही तेच पावसाचे पाणी तळ्यात आणते. मुक्कामाच्या गल्लीमागून असाच एक दगडी नाला जात होता आणि त्यात चिप्सची रिकामी पाकिटे अडकली होती. गाव याच तळ्याचे पाणी पिते, हे ठाऊक असल्यावर ती पाकिटे डोळ्यांना फार खुपतात.

मॉल रोडवर सगळेच फिरतात, पण मला त्याच्या समोरच्या काठावरची ठंडी सडक अधिक आवडली. तिच्यावर वाहने नाहीत, वर अयारपाट्याच्या डोंगराची दाट सावली आहे आणि वाटेत कड्याला टेकलेले पाषाणदेवीचे छोटे मंदिर लागते. सकाळी सातला आम्ही तिथून निघालो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि होड्या काठाला एकमेकींना खेटून बांधलेल्या होत्या. नौकाविहार करायचा असेल तर तो याच सुमारास करावा आणि लाइफ जॅकेटचे बंद स्वतः तपासून घट्ट करावेत.

एक पूर्ण सकाळ नैना पीकसाठी राखून ठेवावी. शिखर २,६०० मीटरहून थोडे उंच आहे आणि बांज (ओक) व देवदारांच्या रानातून जाणारी चढण आमच्यासारख्या सावकाश चालणाऱ्यांना अडीच तास पुरली. वरून नंदादेवी आणि त्रिशूळ स्वच्छ दिसले, पण दहानंतर ढग चढू लागले, म्हणून उजाडताच निघणे उत्तम. वाटेत पाणी मिळेल असे गृहीत धरू नये. महाबळेश्वरच्या सवयीने एखादा स्वेटर पुरेल असे वाटते, मात्र इथली उंची जवळपास दोन हजार मीटर आहे. नोव्हेंबरच्या रात्री कानटोपी आणि जाड जाकीट लागतेच.

भीमताल आणि सातताल ही जवळची तळी एका दिवसात टॅक्सीने होतात. सातताल शांत आहे, त्यामुळे वेळ कमी असेल तर तोच पाहावा.

बाजारातून बालमिठाई आणावी: खव्याच्या तपकिरी वड्यांवर साखरेचे पांढरे दाणे असतात आणि ती प्रवासात टिकते. मालू वेलीच्या पानात गुंडाळलेली सिंगोडी ही खव्याची मिठाई त्याहून चविष्ट, पण ती त्याच दिवशी संपवावी. परतीची रात्रीची गाडी काठगोदामहून असेल तर चार वाजताच खाली उतरायला लागावे, आणि घाटात मळमळणाऱ्यांनी मिठाई आगगाडीत बसल्यावरच उघडावी.