उशिरा आलेली कार्डं

बास्केटबॉलपटूंच्या चित्रांची जुनी छापील कार्डं जमवणाऱ्याने बेसबॉलवाल्यांच्या नादी लागू नये. त्यांचं वर्षाला पीक, इथे कायमचा दुष्काळ. बोमन या कार्डं छापणाऱ्या कंपनीने १९४८ मध्ये ७२ कार्डं काढली. मग थेट १९५७-५८ ला टॉप्स कंपनीची ८०, १९६१-६२ ला फ्लीअर कंपनीची ६६, आणि त्यानंतर १९६९ पर्यंत अमेरिकाभर विकलेला मोठा संच नाहीच. खेळाडू काही कंपन्यांसाठी थांबले नव्हते. बॉब कूझी १९५० पासून एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये, पण त्याचं 'रूकी', म्हणजे पहिलं, कार्ड १९५७ चं. विल्ट चेंबरलेन १९५९ मध्ये आला, पहिल्याच हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी कार्डावर उगवला १९६१ मध्ये. इथलं 'पहिलं' म्हणजे कंपनीला जाग आली तेव्हाचं!

बोमनच्या संचात ३७ ते ७२ क्रमांक दुर्मीळ. त्या काळचा मोठा तारा जॉर्ज मायकन ६९ वा, म्हणून भाव गगनाला. पण याच संचातल्या १२ कार्डांवर खेळाडूच नाही. बाण आणि रेघांनी डाव समजावलेत. ती तुलनेने स्वस्त मिळतात, आणि नवख्याने खुशाल तिथूनच सुरुवात करावी.

१९५७ च्या टॉप्समध्ये डोकेदुखी असते ती छपाई सरकल्याची: एका बाजूची पांढरी कडा जाड, दुसरीची जेमतेम. बिल रसेलच्या ७७ क्रमांकात तर ती नीट मध्यावर असलेली प्रत शोधताना दमछाक होते.

महागडं कार्ड घेताना दहापट भिंग हवंच. अस्सल कार्डावर काळी अक्षरं सलग शाईची दिसतात. मूळ कार्डाचा फोटो काढून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांची बनलेली असतात. अतिनील दिव्याखाली १९४८ चा कागद मंद राहतो, नवा निळसर चमकतो. झिजलेले कोपरे लपवायला कडा कापलेल्या असतात, म्हणून माप घ्यावं. मात्र कारखान्यातही कापणी थोडी इकडेतिकडे व्हायची, तेव्हा केवळ माप कमी भरलं म्हणून आरोप करू नये. इतर तीन कडा मळकट आणि एकच कोरी करकरीत असेल, तर मात्र हात आखडता घ्यावा.

बोमनचं कार्ड जेमतेम २.०६ × २.५ इंचांचं. ते आजच्या मापाच्या कडक पाकिटात सैल बसतं, हलतं आणि कोपरे गमावतं. १९६९ च्या टॉप्सची उंची ४.६९ इंच, ती त्यात शिरतच नाहीत. दोन्हींसाठी मापाची, पीव्हीसी नसलेली पाकिटं आधी मागवा, कार्ड नंतर.