विलाग्रांदेच्या चढावर

इटलीच्या सार्डिनिया बेटाची राजधानी कालियारी येथून सकाळी निघालेल्या बसमध्ये पूर्व किनाऱ्यावरचे तोर्तोली येईपर्यंत मला छान झोप लागली होती; तिथे बस बदलून घाट सुरू झाला आणि झोप उडाली ती उडालीच. एका अंगाला जेन्नार्जेंतूचे डोंगर, दुसऱ्या अंगाला प्रत्येक वळणागणिक आणखी खाली जाणारा समुद्र आणि मध्ये दोन वाहने जेमतेम मावतील असा रस्ता. वरंध घाटात बालपण गेलेल्या माणसालाही खिडकीची दांडी घट्ट धरावीशी वाटावी, असा हा प्रवास होता. विलाग्रांदे स्त्रिसाईली हे गाव सुमारे 700 मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या चार दिवसांच्या मुक्कामात सपाट म्हणावी अशी एकही गल्ली मला सापडली नाही. पाव आणायला जायचे तर उतार, पाव घेऊन परत यायचे तर चढ. आणि देवळात जायचे असेल तर दोन्ही.

ओलियास्त्रा नावाच्या या डोंगराळ मुलखाकडे जगाचे लक्ष वळले ते 1999 साली. जान्नी पेस या सार्डिनियन डॉक्टरांनी फ्रान्समधल्या मोंपेलिए येथील परिषदेत असे मांडले, की या बेटावर शंभरी गाठणाऱ्या माणसांची संख्या, विशेषतः पुरुषांची, असाधारण आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञांचा त्यावर सहजासहजी विश्वास बसला नाही, आणि तो न बसणेच रास्त होते. कारण म्हाताऱ्या माणसांची वये फुगवून सांगण्याची प्रथा जगात सर्वत्र आहे. मग बेल्जियमचे लोकसंख्याशास्त्रज्ञ मिशेल पूलँ स्वतः येऊन दाखल झाले. जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहणे, हे त्यांचे काम. यात एक मोठी गोम असते: तान्हेपणी दगावलेल्या मुलाचे नाव पुढच्या भावाला दिलेले असेल, तर धाकट्याच्या खात्यावर थोरल्याची वर्षे जमा होतात. ही छाननी करूनही ओलियास्त्रातली नावे टिकली. नकाशावर ज्या गावांभोवती निळ्या शाईने खुणा केल्या गेल्या, त्यावरून 2004 सालच्या शोधनिबंधात ‘ब्लू झोन’, म्हणजे दीर्घायुषी माणसांचा मुलूख, हा शब्द आला. पुढे तो जगभर इतका विकला गेला, की आता या निळ्या रंगाचा मूळ धनी एक साधे पेन होते, हे कुणाच्या गावीही नसते.

इतरत्र शंभरी गाठलेल्या एका पुरुषामागे साधारण चार-पाच स्त्रिया आढळतात. ओलियास्त्राच्या या गावांत हे प्रमाण जवळजवळ बरोबरीचे निघाले. इथले पुरुष बव्हंशी मेंढपाळ होते. हिवाळ्यात कळप घेऊन खालच्या मैदानात उतरायचे, उन्हाळ्यात पुन्हा डोंगरावर यायचे, आणि एरवीही घरापासून कुरणापर्यंत रोज काही कोस चालायचे. पेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली गावागावांची तुलना केली तेव्हा पुरुषांच्या दीर्घायुष्याशी तीन गोष्टी जोडलेल्या आढळल्या: मेंढपाळी, जमिनीचा उतार आणि कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर. हे वाचल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न रुतून बसला होता. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घाटमाथ्यावर परतणारे आमचे धनगर काय कमी चालतात? उतार तर सह्याद्रीलाही आहे. मग आमच्या वाड्यांची नावे अशा नकाशावर का नाहीत?

याचे उत्तर मला भाकरीत किंवा वारुणीत नव्हे, तर हिवतापात मिळाले, असे मी म्हणेन. सार्डिनिया हे शतकानुशतके हिवतापाने पोखरलेले बेट होते. किनाऱ्यावरची सुपीक जमीन सोडून माणसे डोंगरात राहिली त्यामागे हेही एक कारण होते. 1946 ते 1950 या काळात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने डीडीटी फवारून तिथला हिवताप निपटून काढण्यात आला. 1978 साली इटलीने सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. म्हणजे आज ज्यांच्या शंभरीचे कौतुक होते, त्यांनी तरुणपणी कष्ट आणि टंचाई पाहिली हे खरे. पण उतारवयात त्यांच्या पाठीशी औषध होते, डॉक्टर होता आणि निवृत्तिवेतनही होते. पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या माहितीपत्रकांत हा भाग नसतो. तिथे फक्त कान्नोनाऊ द्राक्षांच्या लाल वाइनचा पेला असतो. माझ्या यजमानीणबाईंकडे तो दुपारच्या जेवणात असायचा खरा, पण आपल्याकडच्या चहाच्या कपाइतकाच. आणि एकट्याने बसून तो पिताना मी गावात कुणालाही पाहिले नाही.

जेवणाबद्दल मात्र सांगायलाच हवे. इथला जुना आहार शाकाहारी नव्हता आणि मांसाहारीही नव्हता. तो मेंढपाळाच्या पिशवीतला आहार होता. पिस्तोक्कू नावाची दोनदा भाजलेली, खडखडीत कोरडी पोळी महिनोन्महिने टिकते; ती पाण्यात बुडवून मऊ करायची आणि चीजबरोबर खायची. घेवड्याचे, हरभऱ्याचे दाट सार. आणि कासू आशेदू, म्हणजे शेळीच्या किंवा मेंढीच्या दुधाचे आंबट, घट्ट विरजण. पहिला घास घेताच मी नकळत ‘अगं, हे तर दही!’ असे मराठीतच म्हणाले, आणि टेबलावरच्या सगळ्यांना ते कळले.

त्या टेबलाच्या मध्यभागी बसायच्या त्या 94 वर्षांच्या आजी. सार्डिनियात वडीलधाऱ्या बाईला, नाते असो वा नसो, ‘त्सीया’ म्हणतात, जसे आपण कुणालाही मावशी म्हणतो. सारे गाव त्यांना त्याच नावाने हाक मारायचे. रोज सकाळी दाराबाहेरच्या खुर्चीवर त्या शेंगा सोलत बसायच्या, आणि चढावरून येणारा प्रत्येक माणूस दम खायला म्हणून का होईना, त्यांच्यापाशी थांबायचाच. कुणाकडे लग्न ठरले, कुणाची मेंढी हरवली, कोणती वाट दरडीने बंद झाली, हे गावात सर्वांत आधी कळायचे ते त्यांना. त्यांना विश्रांती घ्या असे सांगताना मी कुणालाही ऐकले नाही. उलट नात कामावरून उशिरा आली, तर तिच्या वाटणीच्या भाज्याही त्यांच्याच पुढ्यात पडायच्या. निम्मी तक्रार करीत त्या त्याही निवडून ठेवायच्या.

पेला उचलताना इथे ‘आ केंतान्नोस’ म्हणतात, म्हणजे शंभर वर्षे जगा. पेस यांच्या अभ्यासालाही हेच नाव दिलेले होते. आपल्या ‘शतायुषी हो’चा हा सख्खा भाऊ. मात्र हा आशीर्वाद घ्यायला पुढची पिढी गावात फारशी उरलेली नाही. सार्डिनियाचा जननदर इटलीत सर्वांत कमी आहे, प्रत्येक स्त्रीमागे एकाहूनही कमी मूल. त्सीयांची नात इंग्रजी शिकली आहे, ती पर्यटकांसाठी आणि बाहेर जाता यावे म्हणूनही. मला तिथे जे काही बोलता आले ते तिच्यामुळेच.

शेवटच्या दिवशी कुलुर्जोनेस करायचा बेत ठरला. रव्याच्या पिठाची पातळ पारी, आत बटाटा, मेंढीच्या दुधाचे चीज आणि पुदिना. आणि कडा मिटायच्या त्या गव्हाच्या लोंबीसारख्या गुंफून. मुलगी पाऱ्या लाटत होती, नात सारण भरत होती आणि मिटायचे काम त्सीयांचे, ते दुसऱ्या कुणाकडे जायचे नाही. डाव्या तळव्यावर पारी, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी. एक चिमट डावीकडून, एक उजवीकडून, आणि बोटे थांबली की लोंबी तयार. थरथरणाऱ्या हातात भांडे नीट न धरता येणाऱ्या त्सीयांची बोटे या कामात मात्र थरथरत नव्हती. मी करंजीची मुरड घालणारी बाई. म्हटले, एवढे आपल्यालाही येईल. त्यांनी एक पारी माझ्याकडे सरकवली. माझी मुरड एका दिशेने जाणारी, त्यांची दोन्हीकडून येणारी. बोटे सवयीच्या वाटेनेच वळत राहिली. पाच केल्या. त्यांतल्या दोन उकळत्या पाण्यात फुटल्या, आणि बटाटा सगळीकडे पसरला. नात हसली. त्सीयांनी झाऱ्याने त्या दोन्ही उचलल्या, निथळून स्वतःच्या ताटात घेतल्या आणि मला खुणेने सांगितले, की उरलेल्या तीन तू वाढ.