आइस हॉकीच्या नियमांचा अभ्यास, पुढचा टप्पा: पेनल्टी शॉट आणि रिकामं नेट

ऑफसाइड आणि आयसिंग डोक्यात पक्कं बसल्यावर आता पेनल्टी शॉट (फाउलच्या बदल्यात एका खेळाडूने एकट्याने गोलीसमोर, म्हणजे गोलकीपरसमोर, मारायचा शॉट) हातात घेतलाय, आणि आइस हॉकीच्या रूलबुकातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. बाकी बहुतेक फाउलना दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, खेळाबाहेर, बसवलं की विषय संपतो, पण इथे नियम आधी विचारतो की ज्याच्यावर फाउल झाला त्याचं नक्की गेलं काय, आणि जे गेलं ते जमेल तितकं तसंच परत देतो. ब्रेकअवे (समोर फक्त गोली असताना एकट्याने केलेली चढाई) गेला? घे ब्रेकअवे. समोर गोलीच नव्हता, म्हणजे जवळजवळ गोलच गेला? मग घे गोल. पेनल्टी शॉट आणि अवॉर्डेड गोल (शॉटशिवाय रेफरीने थेट दिलेला गोल) वेगवेगळे पाठ करायला घेतले की गोंधळ उडतो, एकाच नियमाची दोन टोकं म्हणून वाचले की सगळं जागेवर बसतं. खाली जे लिहितोय ते मुख्यतः एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगच्या नियमांवर आहे, दुसऱ्या लीगमध्ये थोडाफार फरक सापडेल.

अभ्यासाची पद्धत अशी ठेवलीय की क्लिप फाउलच्या क्षणी पॉज करायची, आवाज बंद ठेवायचा, आपला निर्णय आधी वहीत लिहायचा आणि मगच प्ले दाबायचं. रेफरीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन क्रॉस केले की पेनल्टी शॉट. पॉज केलेल्या फ्रेममध्ये मी आधी पक (खेळाची चपटी रबरी चकती) कुठे आहे ते बघतो, कारण पक असलेला खेळाडू स्वतःची ब्ल्यू लाइन (आपल्या बचावाच्या भागाची हद्द) ओलांडून पुढे आलेला असला पाहिजे. मग फाउल मागून झालाय का, मग त्याच्या आणि गोलीच्या मधे विरोधी संघाचा कोणी आहे का, आणि शेवटी, पकवर ताबा असताना किंवा ताबा मिळणार हे उघड असताना त्याची गोल करायची बऱ्यापैकी संधी गेली का. चारही जमलं तर पेनल्टी शॉट, एक जरी हुकलं तर साधी दोन मिनिटं.

पहिल्या तीन गोष्टी फ्रेममध्ये दिसतात, चौथी दिसत नाही आणि सगळा वाद तिथेच. उदाहरणार्थ, डिफेंडर मागून येऊन पुढच्या खेळाडूच्या ग्लोव्हजवर स्टिक आडवी ओढतो, पुढच्याचा वरचा हात स्टिकवरून सुटतो, तरी तो एका हाताने कसाबसा पक नेटकडे ढकलतो आणि गोली तो आरामात अडवतो. आता शॉट तर मारला ना, मग संधी गेली कशी? पण नियमात स्पष्ट लिहिलंय की शॉट मारला म्हणून पेनल्टी शॉट आपोआप रद्द होत नाही, त्याला नीट शॉट मारायची संधी मिळाली का ते रेफरीने ठरवायचं. म्हणून मी आता पकपेक्षा हातांकडे जास्त बघतो. दोन्ही हात स्टिकवर आहेत का, खांदे नेटकडे आहेत की वळलेत, वेग तुटलाय का. यामुळे फरक खूप पडलाय, रेफरीचे निर्णय आता लहरी वाटत नाहीत.

याच भागातली अजून एक गोष्ट फार सुंदर आहे. डिफेंडरने मागून झोकून दिलं, स्टिक आधी पकला लागली आणि मग पुढचा त्या स्टिकला अडखळून पडला, तर २०१४-१५ च्या सीझनपासून ट्रिपिंगची (खेळाडूला पाडल्याची) दोन मिनिटं मिळतात पण पेनल्टी शॉट मिळत नाही. म्हणजे बचाव खरोखर चांगला होता हेही मान्य, आणि माणूस पाडलास हेही मान्य. हे बघायला स्लो मोशन लागतंच, साध्या वेगात पक आधी की पाय आधी हे मला तरी कळत नाही आणि रेफरी ते एका नजरेत ठरवतात याचं मला मनापासून कौतुक आहे.

ब्रेकअवे नसतानाही पेनल्टी शॉट मिळतो. क्रीजमध्ये (नेटसमोर गोलीसाठी आखलेली जागा) पडलेला पक गोली सोडून दुसऱ्या कुणी हाताने झाकला किंवा मुठीत धरला, की पेनल्टी शॉट. २००६ च्या स्टॅनले कप (एनएचएलचं विजेतेपद) फायनलची पहिलीच मॅच, कॅरोलायना विरुद्ध एडमंटन, आणि कॅरोलायनाच्या निक्लास वॉलिनने क्रीजमध्ये पकवर हात ठेवला. इथे कुणा एकाची संधी गेलेली नसते, त्यामुळे त्या क्षणी बर्फावर असलेल्यांपैकी कुणालाही पाठवता येतं, आणि एडमंटनने पाठवला क्रिस प्राँगर, जो डिफेन्समन होता. त्याने कॅरोलायनाचा गोली कॅम वॉर्डला चकवून गोल केला आणि फायनलच्या इतिहासातला पेनल्टी शॉटवरचा तो पहिला गोल ठरला. एडमंटन ३-० ने पुढे गेलं आणि तरीही ती मॅच ५-४ ने हरलं, पण तो वेगळा विषय. ब्रेकअवेवर फाउल झाला असेल तर मात्र ज्याच्यावर झाला त्यानेच मारायचा, तो जखमी असेल तरच दुसरा.

प्रत्यक्ष शॉटचे नियम पटकन सांगतो. पक मधल्या स्पॉटवर, शिट्टी वाजली की निघायचं, मारणारा पकला स्पर्श करेपर्यंत गोलीने क्रीज सोडायचं नाही, पक पुढेच जात राहिला पाहिजे आणि एकदा मारला की खेळ संपला, रिबाउंड नाही. पोस्टला लागून गोलीला लागून आत गेला तर मात्र गोल. स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेऊन मारायचा स्पिनोरामा २०१४-१५ पासून बंद. घड्याळ थांबलेलं असतं, शॉट हुकला तरी त्याच मायनर फाउलची दोन मिनिटं वेगळी मिळत नाहीत. एनएचएलमध्ये हा नियम १९३४-३५ ला आला आणि तेव्हा शॉट नेटपासून ३८ फुटांवर आखलेल्या सर्कलमधून मारायचा असायचा, म्हणजे आज जे आपण बघतो त्यातला तो गोलीसमोर नाचवत नेण्याचा भाग त्यात जवळजवळ नव्हताच.

आता रिकामं नेट, ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप सुरू केला. एका गोलने मागे असलेला संघ शेवटी गोलीला बेंचवर बोलावतो आणि सहावा स्केटर उतरवतो, ही चाल आज इतकी नेहमीची झालीय की कुणी तरी ती पहिल्यांदा केली असेल हे लक्षातच येत नाही. १९३१ च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनचा कोच आर्ट रॉसने गोली टायनी थॉम्पसनला शेवटच्या मिनिटात बाहेर काढलं, माँट्रियाल कनेडियन्सविरुद्ध, आणि मॅच १-० ने हरला. चाल राहिली. नियम म्हणून बघायचं तर गोली बेंचपासून ५ फुटांच्या आत आल्याशिवाय बदली खेळाडूने खेळात उतरायचं नाही, क्लिपमध्ये गोली दारापाशी पोचतोय आणि दुसरा बोर्डावरून उडी मारतोय हा क्षण थांबवून बघा, किती बारीक हिशोब असतो तो.

आणि आता तेच चार प्रश्न परत लावा, फक्त गोली काढून टाका. पक ताब्यात, स्वतःची ब्ल्यू लाइन ओलांडलेली, समोर नेटपर्यंत कोणी नाही, आणि मागून ट्रिप केलं. पेनल्टी शॉट देऊन काय उपयोग, तेव्हा तर गोली परत येऊन उभा राहील आणि फाउल करणाऱ्याचा फायदाच होईल! म्हणून थेट गोल. त्या रिकाम्या नेटकडे निघालेल्यावर कुणी स्टिक फेकली तरी गोल, बेंचवरून उतरून कुणी अडवलं तरी गोल. हे कळलं त्या दिवशी मला पूर्ण प्रकरण उलगडलं असं म्हणायला हरकत नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे संधी स्वतःच्या हातून गेली तर नियम काहीच देत नाही. ४ जानेवारी २००७, डॅलस एडमंटनवर ५-४ ने पुढे, शेवटचे काही सेकंद, पॅट्रिक श्टेफान पक घेऊन एकटा रिकाम्या नेटसमोर. कुणी त्याला हात लावलेला नाही. नेटच्या अगदी तोंडाशी पक उसळला, स्टिकवरून निसटला, तो पडला, आणि एडमंटनने तोच पक उलटा नेऊन २ सेकंद बाकी असताना अलेश हेम्स्कीने बरोबरी केली. डॅलस शूटआउटमध्ये जिंकलं हे लोक विसरतात. मी ही क्लिप परत परत बघतो ती त्याच्यावर हसायला अजिबात नाही, फाउल असता तर हाच क्षण गोल म्हणून लिहिला गेला असता, मधे नक्की काय बदललं ते बघायला.

रिकामं नेट अजून एका वेळी दिसतं, समोरच्या संघावर डिलेड पेनल्टी असताना, म्हणजे त्यांचा फाउल झालाय पण शिट्टी अजून वाजलेली नाही. त्यांनी पकवर ताबा मिळवला की शिट्टी, म्हणजे ते गोल मारू शकत नाहीत, म्हणून गोली निर्धास्त बाहेर जातो. धोका फक्त स्वतःचा. २८ नोव्हेंबर १९७९ ला कोलोरॅडो रॉकीजच्या रॉब रॅमेजने असाच मागे पास दिला, तिथे आपलं कुणी नव्हतं आणि पक स्वतःच्याच नेटमध्ये गेला. समोरच्या आयलंडर्सकडून पकला शेवटचा स्पर्श गोली बिली स्मिथचा, म्हणून गोल त्याच्या नावावर, एनएचएलमध्ये गोलीच्या नावावर लागलेला पहिला. स्वतः मारून गोल करणारा पहिला गोली रॉन हेक्स्टॉल, ८ डिसेंबर १९८७, बॉस्टनविरुद्ध, आणि ते किती अवघड आहे हे नियम वाचल्यावर कळतं, कारण गोलीला मधली लाल लाइन ओलांडून खेळता येत नाही, म्हणजे स्वतःच्या अर्ध्यातूनच मारायचं आणि चुकला तर बहुतेक वेळा आयसिंग (स्वतःच्या अर्ध्यातून मारलेला पक थेट समोरच्या गोल लाइनपलीकडे जाणं).

ओव्हरटाइमचं एक मात्र नीट लक्षात ठेवा. रेग्युलर सीझनमध्ये बरोबरीचा एक पॉइंट आधीच खिशात असतो, पण ३ विरुद्ध ३ च्या ओव्हरटाइममध्ये गोलीला बाहेर काढलं आणि रिकाम्या नेटमध्ये गोल खाल्ला तर तोही पॉइंट जातो. डिलेड पेनल्टीसाठी काढला असेल तर सूट आहे.

सध्या वहीत नेट जागेवरून हलवण्याचे नियम लिहायला घेतलेत. २०१४ मध्ये एएचएलमधला (एनएचएलच्या खालची लीग) गोली डेव्हिड लेजिओने दोन खेळाडू एकट्यावर चालून येताना मुद्दाम नेट हलवलं, हिशोब सरळ की दोघांपेक्षा एकाचा पेनल्टी शॉट परवडला, आणि तो शॉट त्याने अडवलाही. लीगने मग असं करणाऱ्या गोलीला मॅचमधून बाहेर काढायचा नियम केला. दोन विरुद्ध शून्यची संधी एकाच्या शॉटने भरून निघते का, यावर तुमचं मत ऐकायचंय. माझ्या मते नाही निघत, तिथे थेट गोलच द्यायला हवा. कुणाकडे अशा प्रसंगाची चांगली, वरून घेतलेली क्लिप असेल तर नक्की पाठवा, समोरच्या कॅमेऱ्यात नेट कधी सुटलं ते कळत नाही.