सात महिने बुरशीच्या खात्यात

माझ्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी ‘बुरशी’ हा शब्द पडला आणि पुढचे सात महिने तो कुणी खोडला नाही. होता सोरायसिस. राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगतो.

जांघेत आणि काखेत लालभडक चट्टे आले होते. कडा रेघ ओढल्यासारख्या, मधली कातडी गुळगुळीत, चकचकीत. चालताना चरचरायचं. खपली मात्र एकही नाही. सोरायसिस म्हणजे कोपर-गुडघ्यावरचे जाड, चंदेरी पापुद्र्यांचे चट्टे, एवढंच मला ठाऊक. बहुतेकांना तोच प्रकार होतो, हे खरंच आहे. पण घडीतल्या कातडीला सतत घाम आणि घासणं. तिथे पापुद्रे टिकतच नाहीत. याला इन्व्हर्स सोरायसिस म्हणतात, हे मला आठव्या महिन्यात कळलं.

पहिलं मलम मिळालं त्यात बुरशीचं औषध आणि स्टिरॉइड दोन्ही होतं. चार दिवसांत चट्टे फिके पडले. बंद केलं की आठवड्याभरात परत, आधीपेक्षा लाल. डॉक्टर म्हणाले, “चिवट आहे बुरशी.” मग गोळ्या. मग जास्त दिवस गोळ्या. चट्टे दबत होते ते स्टिरॉइडमुळे, हे ना त्यांनी सांगितलं, ना मला सुचलं.

तिसऱ्या महिन्यात मीच हट्ट धरून तपासणी करायला लावली. बोथट पात्याने चट्ट्याची कड खरवडतात, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. तंतू सापडले नाहीत. मला वाटलं, सुटलो! रिपोर्ट टेबलावर ठेवला तर साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “मलम लावत होतात ना? मग निगेटिव्हच येणार.” यात तथ्य आहे; औषध चालू असताना बुरशी तपासणीत निसटू शकते. म्हणून चार आठवडे सगळं बंद. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. पाय फाकवून चालायचो, रात्री दोन मांड्यांमध्ये सुती फडकं घेऊन झोपायचो. पुन्हा खरवडलं, पुन्हा काही नाही. यावर उत्तर आलं, “कधीकधी नमुन्यात येत नाही.”

म्हणजे सापडली तरी बुरशी, नाही सापडली तरी बुरशी. मग खरवडलंत कशाला? हे विचारायचं धाडस झालं नाही. मान डोलावून नवी चिठ्ठी घेतली आणि घरी आलो. सगळ्यात जास्त चीड मला त्या मान डोलावण्याची येते.

शेवटी डॉक्टर बदलले. या बाईंनी चट्टे बघायच्या आधी हात पुढे करायला सांगितलं. नखांवर बारीक खड्डे होते, अंगुस्तानावर असतात तसे. एका नखाखाली तेलाचा थेंब पसरावा तसा पिवळट-तपकिरी डाग. मग कानामागे, बेंबीत, डोक्यात बघितलं. ज्याला मी कित्येक वर्षं कोंडा म्हणत होतो ते जाड पापुद्रे निघाले, केसांच्या रेषेच्या पुढे आलेले. “सकाळी बोटं आखडतात का? किती वेळ?” हेही विचारलं, कारण सोरायसिस सांध्यांतही उतरतो. हे सगळं बघायला दहा मिनिटं लागली असतील. चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढून बायोप्सी केली, एक टाका पडला, निदान पक्कं झालं. सात महिन्यांत माझी नखं कुणी बघितली नव्हती. अर्थात मीही दाखवली नव्हती.

उपचार सोपे निघाले. घडीतली कातडी पातळ, म्हणून सौम्य स्टिरॉइड थोडेच दिवस, नंतर टॅक्रोलिमस, म्हणजे स्टिरॉइड नसलेलं मलम. डोक्यासाठी आधी सॅलिसिलिक ॲसिडने पापुद्रे मऊ करायचे, मग औषध. उलट केलं तर औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. नखांना मात्र महिने लागतात.

तिथल्या बाकावर बसून बाकीचे प्रकारही कळले. एका कॉलेजच्या मुलाला घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत अंगभर थेंबांसारखे लाल ठिपके आले होते; तो गटेट. तो आठवड्यातून तीनदा ३११ नॅनोमीटरच्या यूव्हीबी (अतिनील) प्रकाशाखाली उभा राहायचा. एका काकांनी स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम बंद केल्या आणि अंगावर पुवाचे फोड उठले. त्या पुवात जंतू नसतात, तरी प्रकरण गंभीर. आणि कातडी जवळजवळ सगळीच लाल होऊन सोलायला लागली, हुडहुडी भरली, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

हो, एक राहिलं: डॉक्टरकडे जायच्या आधी चट्टा सगळ्यात वाईट दिसतो त्या दिवशी फोटो काढून ठेवा. मी दरवेळी नेमका मलम लावून बरा दिसत असताना जायचो. आणि मेथोट्रेक्सेट हे औषध लिहून दिलं तर ते सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. बाईंनी शेजारच्या काकांच्या चिठ्ठीवर वार लिहून त्याला दोनदा गोल केला होता.